फरशीवरचा निळा रंग पुसत का नाही?

औशाहून बिदर फार लांब नाही. शाळेची सहल सकाळी लवकर निघाली तर दुपारच्या आत महमूद गावानच्या मदरशासमोर उभी राहते. इ. स. १४७२ मध्ये पूर्ण झालेली ही तीन मजली वास्तू. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे दारूचा स्फोट झाला आणि तिचा मोठा भाग कोसळला. समोरच्या दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. त्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या फरश्यांचे तुकडे अजून शिल्लक आहेत.

येथे आले की मुले दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला : "आमच्या शाळेचा रंग दोन पावसाळ्यांत जातो, मग हा साडेपाचशे वर्षे कसा टिकला?" आणि दुसरा : "आपल्याकडच्या कुंभारांनी अशा फरश्या का केल्या नाहीत?" दोन्ही प्रश्न दिसतात त्यापेक्षा खोल आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आपल्याला औशाच्या काळ्या मातीपासून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील कारखान्यांपर्यंत आणि तेथून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेपर्यंत जावे लागेल.

रंग नव्हे, काच

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की मिनारावरचा निळा हा भिंतीला 'लावलेला' रंग नाही. ती निळी काच आहे.

शाळेच्या भिंतीला आपण जो रंग देतो, त्यात रंगाचे कण एखाद्या चिकट पदार्थाने भिंतीला धरून ठेवलेले असतात. ऊन आणि पाऊस हा चिकट पदार्थ हळूहळू नष्ट करतात आणि कण सुटे होतात. काही रंगांचे रेणूच उन्हाने तुटतात. रंगीत फरशीची गोष्ट वेगळी आहे. भाजलेल्या मातीवर काचेचा एक पातळ थर वितळवून बसवलेला असतो. त्याला झिलई म्हणतात. रंग देणारे धातूचे ऑक्साइड या काचेत विरघळलेले असते किंवा तिच्याखाली सुरक्षित असते. पावसाने खिडकीची काच विरघळत नाही, तसाच हा रंगही विरघळत नाही.

असे रंग मोजकेच असतात, कारण ते भट्टीतून तावून सुलाखून निघावे लागतात. हळद, नीळ, पळसाची फुले यांचे रंग कार्बनी संयुगांचे असतात. ते भट्टीत जळून जातात. उरतात ती धातूंची ऑक्साइडे. कोबाल्टचे ऑक्साइड निळा रंग देते. झिलईत ते शेकडा अर्धा ते एक भाग असले तरी गडद निळा दिसतो. मँगनीज जांभळट तपकिरी रंग देते. लोह पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतच्या छटा देते. शिसे आणि अँटिमनी मिळून पिवळा रंग होतो. कथिलाचे ऑक्साइड झिलईला दुधासारखी पांढरी व अपारदर्शक करते.

सर्वांत गमतीचे तांबे. शिसे घातलेल्या झिलईत ते गवतासारखा हिरवा रंग देते. त्याच तांब्याला सोडा किंवा पोटॅश भरपूर असलेली झिलई मिळाली, तर ते मोरपिशी निळे होते. म्हणजे रंग एकट्या धातूवर ठरत नाही. त्याच्या भोवती कोणते अणू आहेत यावरही तो ठरतो. इराणी वास्तूंवर दिसणाऱ्या सुप्रसिद्ध फिरोजी रंगाचे रहस्य हेच आहे. महमूद गावान स्वतः इराणमधील गिलानचा. त्याने मदरसा इराणी धर्तीवर उभारला यात नवल नाही.

वाळू वितळते कशी?

काच म्हणजे मुख्यतः वाळू, म्हणजेच सिलिका. पण शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. आपल्या कुंभाराच्या आव्यात साधारण ७०० ते ८०० अंश मिळतात. इतक्या तापमानाला वाळू ढिम्म हलत नाही.

येथे बर्फाची आठवण करावी. कुल्फी करताना बर्फात मीठ घालतात, तेव्हा बर्फ शून्याखालीच वितळू लागतो. मिश्रणाचा वितळणबिंदू शुद्ध पदार्थापेक्षा कमी असतो. वाळूच्या बाबतीत मिठाचे काम शिशाचे ऑक्साइड, सोडा, पोटॅश किंवा टाकणखार करतो. यांना अभिवाह म्हणतात. योग्य अभिवाह घातला की काच हजार अंशांच्या आतबाहेर वाहू लागते. पण ती फार पातळ झाली तर उभ्या भांड्यावरून ओघळून जाईल. म्हणून तिच्यात थोडी मातीही घालतात. मातीतल्या अॅल्युमिनामुळे वितळलेली काच दाट होते व जागच्या जागी राहते. वाळू, अभिवाह आणि माती या तिघांचा मेळ म्हणजे झिलई.

आपली काळी माती

आता दुसरा प्रश्न. औशाच्या परिसरातील जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली काळी माती आहे. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. कारण या मातीतले खनिज, मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण वहीच्या पानांसारख्या थरांचे असतात आणि थरांमध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते, गेले की आक्रसते. कापसाला ओल धरून ठेवणारी ही माती म्हणूनच चांगली. पण तिची सपाट फरशी थापली, तर वाळतानाच ती तडकते आणि कडा वर उचलल्या जातात.

आपले कुंभार हे फार पूर्वीपासून जाणतात. ते नुसती काळी माती वापरत नाहीत. तळ्याचा किंवा नदीचा गाळ घेतात, त्यात लीद, राख, बारीक वाळू मिसळतात. लीद आव्यात जळते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि माठातले पाणी गार राहते. म्हणजे आपल्या कुंभाराचे भांडे सच्छिद्र असते ते अज्ञानामुळे नव्हे. ते तसेच हवे असते. झिलई दिलेला माठ पाणी गार करणार नाही.

आणखी एक अडचण लोहाची. आपल्या मातीत लोह भरपूर, म्हणून भाजल्यावर ती तांबडी होते. तांबड्या पाटीवर निळी शाई उठून दिसत नाही. त्यासाठी पृष्ठभाग पांढरा करावा लागतो. सिंधमधील हाला गावच्या कुंभारांनी त्यावर तोड काढली. तांबड्या फरशीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, त्यावर कोबाल्ट व तांब्याने चित्र काढायचे आणि वर पारदर्शक झिलई द्यायची. हा लेप, चित्र, झिलई असा क्रम लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

स्टॅफर्डशायरच्या भट्ट्या

इंग्लंडकडे पांढरी माती होती. कॉर्नवॉलमध्ये चिनी माती, म्हणजे केओलिन, सापडत होते. या मातीचे थर एकमेकांना घट्ट धरलेले असल्याने त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही आणि ती आपल्या काळ्या मातीसारखी फुगत नाही. तरीही ओल्या मातीची फरशी वाळताना थोडी आक्रसतेच आणि वाकडी होते.

मध्ययुगात इंग्लंडमधील मठांच्या जमिनींवर दोन रंगांच्या मातीच्या फरश्या असत. तांबड्या मातीवर साच्याने खोलगट नक्षी उठवायची, खाच पांढऱ्या पातळ मातीने भरायची आणि वरचा भाग खरवडून सपाट करायचा. नक्षी नुसती पृष्ठभागावर नसून काही मिलिमीटर खोल असल्याने पायाखाली झिजली तरी जात नसे. पुढे ही कला मागे पडली. १८३० मध्ये सॅम्युअल राइट याने तिच्यासाठी एकस्व घेतले आणि हर्बर्ट मिंटन या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखानदाराने ती चिकाटीने जमवली. अडचण अशी, की दोन्ही माती वाळताना व भाजताना सारख्याच प्रमाणात आक्रसल्या पाहिजेत. नाहीतर पांढरा भाग सुटून निघतो.

खरा बदल १८४० मध्ये झाला. रिचर्ड प्रॉसर याने मातीच्या जवळजवळ कोरड्या भुकटीवर लोखंडी साच्यात प्रचंड दाब देऊन बटणे करण्याची रीत शोधली. मिंटनने ती फरश्यांसाठी उचलली. पाणीच नाही म्हटल्यावर आक्रसणेही नाही. फरशी सपाट, चौरस आणि एकसारखी निघू लागली. शहरे वाढत होती, रेल्वे स्टेशने, इस्पितळे, बाजार उभे राहत होते. पुसता येईल अशी भिंत आणि धुता येईल अशी जमीन सर्वांना हवी होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फरशी घरोघर पोचली ती या एका युक्तीमुळे.

या फरश्या मुंबईतही आल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, ज्याचे अभिषेककार्य १८५८ मध्ये झाले, विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्याप्रमाणे केलेली इंग्लंडची फरशी आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मिंटनच्या फरश्या आहेत. मुंबईला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना तेथे वर पाहायला सांगतात तसेच एकदा खालीही पाहायला सांगावे.

कागद जळतो, चित्र राहते

यंत्राने फरशी स्वस्त झाली, पण हजारो फरश्यांवर तीच ती छापील नक्षी पाहून काहींना उबग आला. विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये मित्रांसह काढलेल्या संस्थेत हॉलंडहून कोऱ्या पांढऱ्या फरश्या आणून त्यांवर हाताने चित्रे काढली जात. १८७१ मध्ये मिंटन कंपनीने लंडनमध्ये चित्रकारांसाठी स्वतंत्र कार्यशाळा काढली. तेथे अनेक स्त्रियांना फरश्या रंगवण्याचे काम मिळाले. १८७५ मध्ये ती आगीत जळाली.

या मंडळींतले सर्वांत चिकित्सक म्हणजे मॉरिस यांचे मित्र विल्यम डी मॉर्गन (१८३९–१९१७). त्यांची पद्धत शाळेत सांगण्यासारखी आहे. मूळ आराखड्यावरून पातळ कागदावर भट्टीत टिकणाऱ्या रंगांनी चित्र उतरवायचे. फरशीला पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा. कागद त्यावर चिकटवायचा आणि त्यावरूनच झिलईची पूड द्यायची. भट्टीत कागद जळून जातो आणि चित्र लेप व झिलई यांच्यामध्ये राहते. लेप, चित्र, झिलई. क्रम हालाच्या कुंभारांचाच!

हा योगायोग नाही. डी मॉर्गन यांनी पश्चिम आशियातल्या जुन्या फरश्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. चित्रकार फ्रेडरिक लेटन यांनी लंडनमधल्या आपल्या घरात दमास्कस वगैरे ठिकाणांहून आणलेल्या फरश्यांचे दालन उभारले, तेव्हा कमी पडलेल्या जागी शोभतील अशा फरश्या करून देण्याचे काम डी मॉर्गन यांच्याकडे आले. धातूसारखी चमकणारी झिलईही त्यांनी प्रयोग करून साधली. तांबे किंवा चांदी यांची संयुगे मातीत कालवून, तयार झिलईवर त्यांनी चित्र काढायचे आणि फरशी मंद लाल होईपर्यंत पुन्हा तापवायची. मग भट्टीत धूर कोंडायचा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड संयुगातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि धातूचे अतिसूक्ष्म कण काचेत अडकून राहतात. हीच क्षपणाची क्रिया नववी-दहावीच्या रसायनशास्त्रात आपण शिकवतो.

हे काम सुंदर झाले, फायद्याचे कधीच झाले नाही. चेल्सी, मर्टन ॲबी, फुलहॅम असा मुक्काम हलवत १९०७ मध्ये डी मॉर्गन यांनी ते थांबवले आणि उतारवयात कादंबरीकार म्हणून नाव मिळवले.

मुंबईचे चाक, अजिंठ्याची नक्षी

इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली होती. तेथील शिक्षक जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात मातीकामाचा विभाग उभारला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे हालाकडची झिलई आणि रंगांची रीत मुंबईला परकी नव्हती. याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या प्रती करत. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्या चित्रांतील कमळे, वेली, हंस मुंबईच्या भांड्यांवर आले आणि ती भांडी युरोपातील संग्रहालयांत पोचली. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, औसाही तेथेच. आपल्याच मुलखातील नक्षी सिंधी रीतीने मुंबईत भाजली गेली आणि इंग्रज तिच्याकडे कौतुकाने पाहू लागले.

सुंदर झिलई आणि शिसे

या कथेची एक काळी बाजू आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. शिशाची झिलई कमी तापमानाला वितळते, आरशासारखी चमकते आणि रंग खुलवते. म्हणून कारखान्यांत ती सर्रास वापरत. कामगार कच्च्या झिलईच्या पाण्यात दिवसभर हात बुडवत आणि तिची धूळ श्वासातून घेत. त्यांत बायका आणि पोरसवदा मुले पुष्कळ असत. शिसे शरीरात साठते. पोटात कळा येतात, हिरड्यांवर निळी रेघ उमटते, मनगटे लुळी पडतात, गर्भपात होतात.

इंग्लंडमध्ये १८९५ च्या कायद्याने शिशाच्या विषबाधेची नोंद सरकारला कळवणे सक्तीचे झाले. १८९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ टी. ई. थॉर्प आणि डॉक्टर टॉमस ऑलिव्हर यांच्यावर चौकशीचे काम सोपवण्यात आले. त्यातून पुढे आलेला उपाय रसायनशास्त्राचाच होता. शिशाचे ऑक्साइड वाळूबरोबर आधीच वितळवून काच करायची आणि मग ती दळायची. योग्य प्रमाण साधले तर काचेत बांधले गेलेले शिसे जठरातल्या आम्लात फारसे विरघळत नाही. पुष्कळ कामांसाठी शिसे अजिबात नको, असेही या तज्ज्ञांचे म्हणणे होते. कारखानदारांनी सुरुवातीला विरोध केला, पण हळूहळू नियम कडक होत गेले.

यातून आपल्यासाठी दोन सूचना. शाळेत शिशाची झिलई कधीही करू नये. आणि जुन्या, अनोळखी रंगीत झिलईच्या भांड्यात चिंच, लिंबू, लोणचे असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. आम्लात शिसे उतरू शकते.

मग बिदरच्या फरश्या गळल्या का?

रंग टिकला, पण फरश्या मात्र पुष्कळ ठिकाणी गळून पडल्या. सगळा दोष स्फोटाचा नाही. झिलई आणि तिच्याखालचे अंग यांचे प्रसरण सारखे नसेल, तर थंड होताना ओढाताण होते. झिलई जास्त आक्रसली तर ती घट्ट सदऱ्यासारखी ताणली जाते. काच दाब सहन करते, ताण सहन करत नाही. मग तिच्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. इराणी कारागिरांनी यावर बाराव्या शतकातच उपाय काढला होता. फिरोजी झिलई फार आक्रसते, म्हणून अंगही तसेच आक्रसणारे घेतले. दळलेली गारगोटी, थोडी काचपूड आणि थोडी माती असे ते मिश्रण असे.

पण शतकानुशतके ऊन-पावसात उभ्या असलेल्या भिंतीत पाणी शिरतेच. सच्छिद्र अंग ओल शोषून किंचित फुगते आणि नव्या भेगा पडतात. पाण्याबरोबर चुन्यातले व मातीतले क्षार येतात. पाणी वाळले की त्यांचे स्फटिक वाढतात आणि झिलईला आतून ढकलतात. आपण 'भिंतीला लोणा लागला' म्हणतो, तीच ही क्रिया. वेळीच पाण्याची वाट बंद केली तर फरशी वाचते. एकदा गळलेली मात्र त्याच गुणाची पुन्हा करणे फार अवघड.

वर्गात करून पाहा

१. काळी माती, तळ्याचा गाळ आणि गाळात निम्मी वाळू अशा तीन चौरस वड्या थापाव्यात. प्रत्येकीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. सावलीत वाळल्यावर रेघ पुन्हा मोजावी. ९ सेंटिमीटर भरली तर आक्रसणे शेकडा १०.

२. कौलाचा, माठाचा आणि बाजारातल्या फरशीचा तुकडा कोरडा असताना तोलावा. २४ तास पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोलावा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणावे. कोणता तुकडा किती सच्छिद्र ते कळेल.

३. जुन्या झिलईदार कपबशीवर शाई पसरून पुसावी. न दिसणारे भेगांचे जाळे शाईने उमटते.

४. शहाबादी फरशीच्या, सिमेंटच्या नक्षीदार फरशीच्या आणि भाजलेल्या फरशीच्या फुटक्या कडेवर लिंबाचे थेंब टाकावेत. शहाबादी म्हणजे चुनखडक, तो बुडबुडे सोडेल. जुन्या सिमेंटमध्येही हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट तयार झालेले असते, तेही थोडे बुडबुडे देईल. भाजलेली फरशी शांत राहील. पहिली निसर्गाने घडवली, दुसरी पाण्याने घट्ट झाली, तिसरी आगीने.

सहलीला जाण्याआधी हे प्रयोग करून घेतले, तर मिनारापाशी मुलांचे प्रश्न बदलतील. "रंग टिकला कसा?" याऐवजी ती विचारतील, "या भेगेतून पाणी शिरतंय, ती कोण बुजवणार?" पडलेला एखादा तुकडा आठवण म्हणून खिशात घालण्याचा मोह मुलांना होतो. तो तेथेच का राहू द्यावा, हेही मग वेगळे सांगावे लागणार नाही.